डावीकडचे अण्णा

आमच्या गावच्या सिनेमात एकही माणूस सरळ समोर बघत नाही. बोलताना, रडताना, अगदी मासळीचे वाटे घालतानासुद्धा सगळ्यांच्या माना किंचित डावीकडे कललेल्या असतात. पुण्याला हा सिनेमा दाखवला तेव्हा एक विद्वान गृहस्थ उठले आणि त्यांनी सांगितलं, की ही डावीकडची नजर म्हणजे हरवलेल्या भूतकाळाकडे लागलेली नजर आहे. मी मागच्या रांगेत होते. एकतीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवल्यामुळे असली वाक्यं मी पुष्कळ वाचली आहेत आणि उत्तरपत्रिकांत लाल शाईने खोडलीही आहेत.  डावीकडे, कॅमेऱ्याच्या शेजारी, पिठाच्या पालथ्या डब्यावर दत्तूअण्णा बसलेले असायचे, एवढंच त्या नजरेचं कारण होतं. ते त्या सभेत कुणाला आणि कसं सांगणार?

अण्णांना जाऊन आता दीड वर्ष होईल. ते आमच्या गावचे गिरणीवाले. दिवेआगरच्या अलीकडे, मुख्य रस्ता सोडून खाडीकडे वळलं की आमचं गाव लागतं. एसटी थांबते त्याच्या समोरच अण्णांची पिठाची गिरणी. मी घाटावरची, नोकरीसाठी इथे आले आणि इथलीच होऊन गेले. गावात पहिल्याच आठवड्यात ज्यांची ओळख झाली ते अण्णा. अंगात बंडी, कमरेला गुडघ्यापर्यंतचं धोतर आणि भुवया-पापण्यांवर पीठ. तांदूळ, नाचणी, मसाला असे दळणाचे वार ठरलेले होते. तांदळाच्या दिवशी अण्णांच्या भुवया पांढऱ्या, नाचणीच्या दिवशी तांबूस. वर्गातली पोरं त्यावरून वार ओळखत.

गिरणी सुरू असली की बाकीचे सगळे एकमेकांच्या कानात ओरडत. अण्णा कधीच ओरडत नसत. उलट आवाज आणखी खाली नेत आणि तरी त्यांचा शब्द न् शब्द ऐकू येई. मी एकदा विचारलं, हे कसं जमतं? ते म्हणाले, "आवाजाच्या वर जायाचं न्हाय बाई. वर पट्टा हाय, मोटार हाय, तितं गर्दी. खालनं जायाचं. खाली जागा मोकळी आसते."

ही विद्या त्यांना गिरणीने शिकवली आणि कामाला आली ती नाटकात. आमच्या गावात चैत्रात देवीच्या उत्सवाला नाटक होतं. मुंबईला नोकरीला असलेले सुट्टी घेऊन येतात, वाडीतले, होडीवरले संध्याकाळी तालमीला जमतात, आणि पाठांतराच्या नावाने सगळ्यांचाच आनंद असतो. त्या सगळ्यांना पैलतीराला नेणारा माणूस म्हणजे प्रॉम्प्टर. चाळीस वर्षं डाव्या विंगेत, पालथ्या डब्यावर बसून, मांडीवर वही घेऊन अण्णांनी अख्ख्या गावाला वाक्यं पुरवली. हँडबिलावर मंडप घालणाऱ्याचंही नाव असायचं. अण्णांचं कधी नव्हतं, आणि त्यांना ते बरोबर वाटे. प्रॉम्प्टर प्रेक्षकांना कळला की प्रॉम्प्टर चुकला, असा त्यांचा हिशेब होता.

प्रत्येक नटाची नाडी त्यांना माहीत होती. गणू सुताराला पहिला शब्द दिला की पुढचं वाक्य तो ओढून आणी. सोसायटीतल्या भाऊंना शेवटचा शब्द द्यावा लागे, म्हणजे कुठे पोहोचायचं ते कळून ते निघत. सुरेखा नावाची एक बाई होती, तिला वाक्य नकोच असे, नुसतं "हां, पोरी" म्हटलं की पुरे. ज्याला वाक्य हवं त्याने मान जराशी डावीकडे कलती करायची, आणि ऐकू आलं की टाच एकदा फळीवर टेकवायची. टाच वाजली की अण्णा गप्प. ही खूण आजोबाकडून नातवाकडे जावी तशी गावात चालत आली होती. मला तर वाटतं, आमच्या गावातली माणसं घरी नवरा-बायको भांडतानासुद्धा अडली की डावीकडे बघत असतील.

एकच नट असा होता, ज्याने कधी मान कलती केली नाही की टाच वाजवली नाही. केशवदादा. खाडीच्या अंगाला त्यांची नारळ-सुपारीची वाडी. उंच, हडकुळे, बोलायला कमी. अण्णा आणि ते एका पाटीवर शिकलेले, एका होडीतून पोहायला शिकलेले. केशवदादा रंगमंचावर असले की अण्णा वही मिटून ठेवत आणि नुसते बघत. "त्याच्या टायमाला मी तिकीट न काढलेला प्रेक्षक," असं म्हणत.

आणि नेमकी तिथेच अण्णांच्या हातून चूक झाली. त्या दिवशी मी तिसऱ्या रांगेत होते.

आपल्याकडे शंभरेक वर्षांपूर्वीची एक कादंबरी आहे. माझ्या पिढीला ती अभ्यासाला होती. खाडीवर तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवणारा एक माणूस. धाकट्या भावाशी भांडण होतं, आणि भाऊ गाव सोडून निघतो तेव्हा हाच त्याला होडीतून पलीकडे पोहोचवतो, एक शब्दही न बोलता. भाऊ परत येत नाही. पुष्कळ वर्षांनी पलीकडच्या तीरावर एक तरुण उभा राहतो आणि तरवाल्याला हाक मारतो. त्याच्या चेहऱ्यावरून तरवाला ओळखतो, हा भावाचा मुलगा. अख्खी खाडी तो मुकाट्याने वल्हवतो. होडी काठाला लागते आणि मग तो एकच वाक्य बोलतो, "उतर. गाव आलं तुझं." त्या "तुझं" साठी बाकीची सगळी कादंबरी. गावातल्याच एका मास्तरांनी तिचं नाटक बसवलं होतं आणि तरवाला होते केशवदादा.

शेवटच्या प्रवेशात लाकडी होडी काठाला लागली. केशवदादांनी वल्हं आत घेतलं आणि ते थांबले. थांबलेच. तोंड हळूहळू डावीकडे वळवलं, जिकडे भाऊ गेला होता तिकडे. मंडपात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. माझ्या शेजारची म्हातारी पान चघळायची थांबली होती. आणि त्या शांततेत डाव्या विंगेतून अण्णांचा आवाज आला, "उतर. गाव आलं तुझं."

आयुष्यात पहिल्यांदाच केशवदादांनी मान डावीकडे वळवली, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने अण्णांनी वाक्य दिलं. गिरणीखालून जाणारा तो आवाज, पण त्या दिवशी वर गिरणी नव्हती. सगळ्या गावाला तो ऐकू गेला. आधी एक पोर खुदकन हसलं, मग रांगाच्या रांगा हसल्या. केशवदादांनी वल्हं खाली ठेवलं, रंगवलेल्या तोंडानेच पायऱ्या उतरले आणि प्रेक्षकांमधून चालत घरी गेले. पुन्हा कधी रंगमंचावर चढले नाहीत. अण्णांशी बोललेही नाहीत. कुणीतरी समजूत घालायला गेलं तर एवढंच म्हणाले, "मला वाक्य ठाव हुतं."

बावीस वर्षं हे चाललं. दोन घरं सोडून राहणारी दोन माणसं. केशवदादा दळणाची पिशवी खांद्यावर टाकून एसटीने शेजारच्या बोर्लीला जात, कारण गावात गिरणी एकच. थांबा गिरणीसमोर. ते थांब्यावर येऊन उभे राहिले की अण्णा मोटार बंद करत आणि एसटी सुटली की पुन्हा सुरू करत. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "पट्टा गरम हुतो बाई." पट्टा काही एसटीचं वेळापत्रक बघून गरम होत नाही, हे मलाही कळत होतं. पण एखाद्याला खोटं बोलू द्यावं अशीही वेळ असते.

त्या बावीस वर्षांत अण्णांनी ते नाटक पुन्हा कधी घेऊ दिलं नाही. मूळ कादंबरी मात्र रोज वाचली. दळण पडत असताना, उभ्याने, गिरणीच्या आवाजाखालून. पानांच्या घड्यांत पीठ साचलेलं असे. चक्रीवादळाच्या दिवशी गिरणीचे पत्रे उडाले, पाणी आत शिरलं, तेव्हा मोटारीवर गोणपाट टाकायचं सोडून अण्णा नाटकाच्या वह्यांची पेटी आणि ते पुस्तक पोटाशी धरून शाळेत आले होते. पुस्तक भिजून दुप्पट फुगलं होतं. मी म्हटलं, अहो, बाजारात नवीन मिळतं. ते म्हणाले, "ह्यात मी कुटं चुकलो ती जागा हाय. नव्यात ती कशी आसंल?" ते फुगलेली पानं एकेक करून सोडवायला लागले. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "किती थांबायचं, ते कुटंच लिवलेलं न्हाय बाई. सगळं पुस्तक बगितलं."

वादळानंतर दोनेक वर्षांनी मिलिंद आला. माझाच विद्यार्थी, मुंबईत जाहिरातींच्या फिल्मा करतो. त्याला ह्या कादंबरीची फिल्म करायची होती, ती आमच्याच खाडीवर आणि तीही मूक. काळी-पांढरी, मधून मधून पाट्या, बस. मुकी का, असं मी विचारलं तेव्हा त्याने कलेबिलेचं मोठं व्याख्यान दिलं. मग हळूच खरं सांगितलं. शनिवार-रविवार किनाऱ्यावर पर्यटकांच्या गाड्या, स्पीकर आणि बोटी यांचा असा गोंगाट असतो, की शंभर वर्षांपूर्वीची शांतता रेकॉर्ड करायची सोय उरलेली नाही. आवाज घ्यायचाच नाही म्हटल्यावर प्रश्न मिटला. पाट्यांवरचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. काम करायला गावातलेच लोक. तरवाला कुणाला करावं, हे विचारायला मिलिंद गिरणीवर गेला. जुनी हकीकत त्याला माहीत नव्हती.

"केशव," अण्णा म्हणाले. "दुसरा कोन न्हाय." आणि वळून दळण चाळायला लागले.

केशवदादांचं मन वळवायला मिलिंदला तीन खेपा घालाव्या लागल्या. तिसऱ्या खेपेला मीही गेले. ते सुपाऱ्या सोलत होते. बराच वेळ सोलत राहिले आणि मग म्हणाले, "करीन. पन तो दत्तू तितं नगो." निरोप मीच अण्णांना सांगितला. त्यांनी लहान मुलासारखी मान हलवली. "बरोबर हाय त्याचं. त्यानं येकदा ते पुरं करावं, बाई. मदी कुनी न बोलता. तेवडं झालं म्हंजे झालं." एवढंच मागणं होतं त्यांचं. त्या एका गोष्टीसाठीच तर ते बावीस वर्षं पुस्तक वाचत होते.

पण बाकीच्यांना अण्णांशिवाय उभं राहता येईना. पहिल्या दिवशी मिलिंदने सांगितलं, आवाज नाही, पाठांतर नाही, नुसतं मनात आणा. गणू सुतार कॅमेऱ्यापुढे खांबासारखा उभा. मनात काय आणायचं ते कुणीतरी सांगायला नको? शेवटी अण्णांना बोलावलं. ते डबा घेऊन आले, बसले आणि पुस्तक वाचायला लागले. आवाज रेकॉर्ड व्हायचाच नव्हता, त्यामुळे कॅमेरा चालू असताना अण्णा कादंबरी वाचत आणि ऐकता ऐकता माणसं जिवंत होत. माना अर्थातच डावीकडे कलल्या. मिलिंद वैतागला. त्याने अण्णांना उजवीकडे बसवलं, तर माणसं गोंधळून गेली. मागे बसवलं, तरी माना डावीकडेच, रिकाम्या जागेकडे. "बाई, ह्यांच्या मानाच वाकड्या आहेत," असं म्हणून त्याने हात टेकले आणि अण्णांना त्यांची जागा परत दिली.

माझं आणि अण्णांचं भांडण झालं ते पाट्यांवरून. मी चांगल्या चाळीस-बेचाळीस पाट्या लिहून काढल्या होत्या, वळणदार मराठीत. वाचून दाखवल्या. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "बाई, तुमी लई बोलता." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मराठी मला शिकवणार, गिरणीवाले! ते शांतपणे म्हणाले, "डोळ्यानं कळतंय तितं पाटी कशापायी? अडलं तरच शब्द द्यायाचा. न अडता दिला तर काय हुतं, ते मला ठाव हाय." मी चार दिवस गिरणीवर गेले नाही. नोकरीभर मुलांना फापटपसारा नको म्हणून सांगितलं आणि स्वतः तेच करून बसले होते. पाचव्या दिवशी उरल्या वीस पाट्या. विसावी शेवटची, तरवाल्याच्या वाक्याची. "ती मातर ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाले.

केशवदादांचे प्रसंग वेगळ्या दिवशी होत. त्या दिवशी अण्णा गिरणीवरच थांबत आणि काठावर काय झालं ते संध्याकाळी मला विचारत. वल्हं कसं धरलं? खोकला आला का त्याला? उन्हात टोपी घालतो का? उत्तरं ऐकताना हातातलं काम बंद असे.

शेवटचा प्रसंग घ्यायचा तो दिवस नाचणीचा होता. भरती उतरायच्या आत होडी काठाला लागायला हवी, नाहीतर पुढे नुसता चिखल. उन्हं कलती झाली होती. होडीत केशवदादा आणि पुतण्याचं काम करणारा बोर्लीचा कॉलेजातला तरुण. होडी लागली. केशवदादा म्हणाले, "उतर. गाव आलं तुझं." वाक्य बरोबर होतं, पण बाजारात भाव सांगावा तसं. पुन्हा घेतलं, पुन्हा तसंच.  पाणी उतरायला लागलेलं दिसत होतं. केशवदादा होडीतून उतरले, काठावरच्या दगडावर बसले, डावीकडच्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले. मग कुणाकडेही न बघता म्हणाले, "दत्तूला बोलवा."

मोटारसायकलवरून अण्णांना आणलं. भुवया तांबड्या, हातांना पीठ, काखेत पुस्तक. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. डबा पालथा घालून अण्णा बसले, पुस्तक उघडलं. होडी मागे नेली आणि पुन्हा आणली. यावेळी पुष्कळ लांबूनच केशवदादांचे खांदे वेगळे दिसत होते. होडी काठाला लागली. वल्हं आत आलं. आणि त्यांनी तोंड हळूहळू डावीकडे वळवलं.

मी अण्णांकडे बघत होते. त्यांनी पुस्तक मिटलं. दोन्ही हात त्यावर दाबून धरले. ओठ घट्ट आवळले होते. वाक्य त्यांच्या तोंडात होतं आणि अण्णा ते बाहेर येऊ देत नव्हते. तिकडे केशवदादांच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते मी लिहू शकत नाही. आधी काही शोधत असावेत तसे दिसले, मग मागत असावेत तसे, मग अगदी असहाय झाले. डोळे भरले. टाच वाजली नाही. किती वेळ गेला कोण जाणे, पण बोर्लीच्या त्या तरुणाला राहवेना. तो आपण होऊन उठला, काठावर उतरला आणि गावाकडे चालू लागला. केशवदादा त्याच्याकडे बघत राहिले. मिलिंदने कॅमेरा थांबवला आणि तो खालीच बसला.

 मग केशवदादा म्हणाले, "दत्तू, लेका, ह्या टायमाला विसरलो हुतो रे मी. बोलायचंस ना."

अण्णा उभे राहिले. "मला वाटलं, थांबलायस."

"थांबलोच हुतो. तुज्यासाठी."

बावीस वर्षांनंतरचं त्यांचं हे पहिलं बोलणं. अण्णा हसायला लागले. हसता हसता नाचणीच्या पिठावर दोन ओघळ उमटले, ते पुसायला हात वर केला तर हातालाही पीठच. केशवदादांनी खांद्यावरचा पंचा काढून त्यांच्याकडे टाकला.

दुसऱ्या दिवशी अण्णा माझ्या दारात. "बाई, ती शेवटची पाटी काडा." मी चक्रावले. म्हटलं, अहो, सगळी कादंबरी त्या वाक्यावर उभी आहे, वाचणारा माणूस त्याच्यासाठी जीव मुठीत धरून बसलेला असतो. "व्हय," ते म्हणाले. "पन केशव बोललाच न्हाय ते. न बोललेलं कसं लिवायचं? आनि तो जे थांबला, त्याच्यावर आपन पाटी मारायची म्हंजे मी परत तेच केलं की." मी पाटी काढली. म्हणून सिनेमा आता त्या वाक्याशिवायच संपतो, आणि ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांना तरवाला काय बोलणार होता ते कधीच कळत नाही.

त्यानंतरच्या सोमवारी केशवदादा दळणाची पिशवी घेऊन थांब्यावर आले. अण्णांनी सवयीने मोटार बंद केली. केशवदादा रस्ता ओलांडून आत गेले आणि पिशवी तराजूवर ठेवून म्हणाले, "चालू कर की. बंद कशापायी?" तिथून पुढे ते रोज गिरणीतच असत, दळण असो नसो. वर पट्टा खडखडे आणि त्याच्याखाली दोघं बोलत बसलेले. काय बोलत ते आम्हाला ऐकू येत नसे, कारण अण्णांचा आवाज ज्याच्यासाठी असे त्यालाच तो जाई. पावसाळ्याच्या तोंडावर अण्णांच्या छातीत दुखायला लागलं. गिरणी केशवदादा बघू लागले. पीठ जाडं येई, भाकरी थापताना कडेला चिरा पडत, पण गावात कुणी तक्रार केली नाही. मीही नाही.

सिनेमा पहिल्यांदा दाखवला तो गावातच, शाळेच्या हॉलमध्ये, रविवारी दुपारी. दुसऱ्या दिवशी अण्णांना त्यांचा मुलगा उपचारांसाठी मुंबईला घेऊन जाणार होता. तिथून ते परत आले नाहीत, त्यामुळे मी त्यांना पाहिलं ते त्या दुपारी शेवटचं. खिडक्यांवर वादळाच्या वेळच्या ताडपत्र्या टाकून अंधार केला होता. लाइट गेली म्हणून जनरेटर लावला होता, त्याची घरघर सगळ्या हॉलभर. पहिल्या रांगेत मधोमध अण्णांसाठी हाताची खुर्ची ठेवली होती. ते तिच्यावर बसेनात. पडद्याच्या डाव्या अंगाला, अगदी भिंतीशी, डबा मागून घेतला आणि त्यावर टेकले. तिथून पडद्यावरचं काहीच दिसत नव्हतं, नुसते बघणाऱ्यांचे चेहरे. मी सांगायला गेले तर म्हणाले, "मी कुटं कधी नाटक बगितलंय बाई? हितनंच बरं." केशवदादा पहिल्या रांगेत डाव्या टोकाला बसले.

आपापल्या माणसाला पडद्यावर बघून लोक आधी खिदळले, गणू सुताराला टाळ्या पडल्या. मग हळूहळू सगळे गप्प होत गेले. शेवटी होडी काठाला लागली. पडद्यावरच्या केशवदादांनी वल्हं आत घेतलं आणि तोंड डावीकडे वळवलं, बरोबर अण्णा बसले होते तिकडे. पाटी येणार नाही हे हॉलमध्ये मला आणि आणखी दोघा-तिघांनाच माहीत होतं. बाकीचे वाट बघत होते. पडद्यावरचा माणूसही वाट बघत होता, ते डोळे भरलेलं तोंड तसंच त्या भिंतीकडे लावून. खूप वेळ तसाच गेला.

आणि जनरेटरच्या घरघरीखालून, अगदी खालून, अण्णांनी वाक्य दिलं.

"उतर. गाव आलं तुझं."

कुणी हसलं नाही. पडद्यावर तो तरुण उठला आणि काठावर उतरला. पहिल्या रांगेत, डाव्या टोकाला, केशवदादांनी टाच एकदा फरशीवर टेकवली.